चुकलेली तिथी

तारेच्या फाटकापाशी सुमती मॅडम चपला काढायच्या. आत जाळीखाली मेलेली डुकरं ठेवलेली असत. अलिबागजवळ खाडीकाठी आमच्या विद्यापीठ विभागाचं ते आवार. खाऱ्या हवेत देह कसा आणि किती दिवसांत कुजतो, ते आम्ही तिथे पाहायचो. नवी मुलं नाकाला रुमाल लावून मॅडमच्या अनवाणी पायांकडे बघत राहायची. "यांच्यामुळे कुणाची तरी तिथी कळणार आहे," त्या म्हणायच्या, "एवढा मान तर द्या."

डब्यात त्या सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातलेला भात आणायच्या. त्या वासाने आम्ही नाकं मुरडली की हसायच्या. "डुकरं चालतात, माझे सोडे तेवढे चालत नाहीत!"

पेणकडच्या एका पडीक मिठागरात तिथल्याच हिराबाई नावाच्या एका बाईंच्या नवऱ्याचा मृतदेह सापडला. भांडून घरातून गेलेला माणूस. देहाची अवस्था पाहून मॅडमनी मृत्यूचा दिवस सांगितला. त्या हिशेबाने तो घर सोडल्यावर आठवडाभर जिवंत होता. हिराबाईंनी एवढंच विचारलं, "मंग फोन बी नाय केला त्यानी?"

पुढे मॅडमनी मिठागरातही डुकरं ठेवून पाहिली. ती फारच सावकाश कुजली. मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. मिठाने तो देह ताजा राखला होता. ज्या दिवशी घर सोडलं त्याच दिवशी तो माणूस गेला होता. केस बंद झालीय, आता कशाला उकरता, असं पोलीस साहेबांनी समजावलं. मॅडमनी सुधारलेला अहवाल पाठवला आणि मला घेऊन पेणची एसटी धरली.

हिराबाईंच्या ओटीवर त्या खालीच बसल्या. "माझं चुकलं, हिराबाई. तुमचे यजमान त्याच दिवशी गेले."

 हिराबाई म्हणाल्या, "म्हंजे त्यो माज्यावर रुसून नव्हता बसला." आणि त्या दोघीही रडल्या. इतक्या वर्षांत मॅडमना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

यंदा मॅडम गेल्या. आपला देह त्या आवारात ठेवावा अशी त्यांची फार इच्छा होती, पण माणसांसाठी परवानगी कधी मिळालीच नाही. देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. मागे कुणी नव्हतं. दहावं नाही, तेरावं नाही. मला ते फार लागलं.

परवा हिराबाई आल्या. फाटकाबाहेर चपला काढून उभ्या होत्या.

"मॅडमची तिथी सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांचं पान मी वाढीन."

मी सांगितली. चुकू नये म्हणून पुन्हा एकदा सांगितली.