‘लाइन नाय’ हे उत्तर नव्हे

ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही व्हर्जन कंट्रोलचं सॉफ्टवेअर बनवत होतो. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका सर्व्हरवर जमा करायचा आणि कोणी कधी काय बदललं ते सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. मी शहापूरहून अधूनमधून ऑफिसला जायची. माझी एक सहकारी मुरबाडला घरूनच काम करायची, कारण तिचं मूल अंगावर पीत होतं. आमच्याच सॉफ्टवेअरमधून कोड पाठवायला तिच्याकडे फोनच्या लाइनीवरचा मोडेम होता.

एकदा ऑफिसात सर्व्हरचं नवं मशीन आलं आणि तेव्हापासून तिचा कोड पोचेना. पडद्यावर एकच वाक्य : ‘संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ ती बिचारी प्रयत्न करत राहिली. मालकांनी ठरवून टाकलं, मुरबाडला लाइन नाही. आमच्याकडे ‘लाइन नाय’ म्हटलं की सगळेच गप्प बसतात. स्टँडवर ‘गाडी नाय’ म्हणतात तसंच. बंद पडली, रद्द झाली की यायचीच आहे, कोणी विचारत नाही.

ती रोज मला फोन करून रडकुंडीला यायची. मी एकदा वैतागून म्हटलं, “अगं, लाइन नाही तर बोलतेस कशावरून?”

हेच मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आवाज जातो, डेटा जात नाही. तिने लाइनमनला बोलावलं. तो खांबावर चढून उतरला आणि तिच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, “लाइन हाय, ताई. तुमचा डबाच नाय म्हणतोय.” तेही मालकांना पटलं नाही. पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसला या, नाहीतर काम सोडा, असा निरोप त्यांनी तिला दिला. मूल घेऊन मुरबाड ते ठाणे रोज कोण जाईल?

मी सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. मोडेम लागला नाही, सर्व्हर बंद आहे, पासवर्ड चुकला, मध्येच तुटलं, काहीही होवो, तेच एक वाक्य. ते वाक्य मी काढून टाकलं. कुठवर पोचलो, कुठे अडलो आणि आता कोणी काय करायचं, हे प्रत्येक अडचणीसाठी वेगळं लिहिलं. मग नव्या सॉफ्टवेअरची सीडी पर्समध्ये टाकून किन्हवलीमार्गे एसटीने मुरबाडला गेले.

तिने बटण दाबलं. पडद्यावर आलं : ‘लाइन चालू आहे. सर्व्हरही चालू आहे. तुमचा पासवर्ड सर्व्हरला मान्य नाही. ऑफिसकडून नवा मागून घ्या.’

नव्या मशीनचे पासवर्ड ऑफिसात बसणाऱ्यांना हातोहात मिळाले होते. माझाही मला तिथेच मिळाला होता. घरी बसणारी बाई कोणाला आठवली नव्हती.

तिच्याच फोनवरून मालकांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, हे जरा गोल करून लिहा. ग्राहकाला वाटेल, चूक ऑफिसची आहे.”

“ऑफिसचीच होती,” मी म्हटलं. “आधी हिला पासवर्ड सांगा.”

तो त्यांनी त्याच लाइनीवर सांगितला. तिचं तुंबलेलं काम आमचा चहा होईपर्यंत सर्व्हरवर जमा झालं. ठाण्याला रोज येण्याचा विषय परत निघाला नाही, माफीचाही नाही. मेसेजात मात्र ‘कृपया’ घालायला लावलं. घातलं. बाकी एक अक्षर बदललं नाही.