दुसऱ्या भागाआधीचा सत्कार

सत्कार या शब्दाची मला ॲलर्जी आहे. त्यामुळे नगरच्या कार्यक्रमाचं ठरलं तेव्हाच मी संयोजकांना बजावलं होतं, शाल नको, नारळ नको, भाषणं तर नकोतच. "छे छे ताई, अगदी साधा कार्यक्रम," ते म्हणाले. साधा! नगरमध्ये!

परदेशातून आलेला ऑर्केस्ट्रा, त्यांच्या जोडीला आमच्या चर्चचे सहा व्हायोलिनवाले आणि एरवी लग्नाच्या वरातीत वाजवणारे दोन ट्रम्पेटवाले, आणि सगळ्यांच्या पुढे चेलो, म्हणजे ते उभं धरायचं मोठं व्हायोलिन, घेऊन मी एकटी, असा बेत होता. तीन भागांची रचना. दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवून तीन दिवस तालीम केली होती. पण खरं सांगायचं तर मला त्या हॉलमधल्या एकाच माणसाची काळजी होती. माझ्या आत्याची.

आत्या राहुरीची. मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. चर्चमधला चेलो तिनंच माझ्या हातात दिला, मी नऊ वर्षांची असताना. या रचनेचा दुसरा, संथ भाग तिनं मला अर्धाच शिकवला, कारण तिच्याकडच्या जुन्या वहीची पुढची पानं वाळवीनं खाल्ली होती. मी घाई केली की ती स्वतःच्या गुडघ्यावर तळवा दाबायची. तोंडानं काही म्हणायची नाही. तळवा दाबला की समजायचं, हळू. पुढे मी पुण्याला गेले, मुंबईला गेले, कुठंकुठं वाजवलं. आत्याच्या गुडघ्यांना मात्र लांबचा प्रवास झेपेना. "उरलेला अर्धा भाग तुझ्या हातून ऐकायचाय गं," एवढंच ती फोनवर म्हणायची. आता ती ब्याऐंशीची. नगर झालं तर झालं, नाहीतर राहिलंच.

ती शेजाऱ्यांच्या गाडीतून आली. शेजारी साखर कारखान्यात कामाला. आल्या आल्या त्यांनी मला सांगून टाकलं, "ताई, सव्वाआठला हलावं लागंल बगा. रात्रपाळी हाय. आन् रस्ता तर तुमाला ठावंच हाय." रस्ता मला ठाऊक होता. त्या खड्ड्यांतून आत्याला आणलं हेच उपकार.

कार्यक्रम साडेपाचचा. म्हणजे साडेआठपर्यंत सगळं आटोपेल असा माझा हिशेब, आणि आमची रचना पहिलीच. पण प्रमुख पाहुणे आले पावणेसातला. मग दीपप्रज्वलन. पंख्यानं वात विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली, तरी पंखा बंद करायचं कुणाला सुचेना! मग स्वागत, प्रास्ताविक, मनोगत. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथं तर अख्खा घाणा होता. ऑर्केस्ट्राचे परदेशी संचालक, ज्यांना हातातल्या छडीमुळे संयोजक "काठीवाले साहेब" म्हणत होते, माझ्याकडे बघून भुवया उंचावत होते. मी काय सांगणार त्यांना, कपाळ?

साडेसात वाजता पहिला भाग सुरू झाला. छान झाला, अगदी मनासारखा. संपला, आणि दोन भागांमध्ये जी क्षणभर शांतता असते तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं काही नाही, वाजवतात. पण टाळ्या ऐकून निवेदकाला वाटलं, झालं! तो माईक घेऊन लगबगीनं स्टेजवर. "या सुरेल सादरीकरणानंतर आपण कलाकारांचा यथोचित सत्कार करणार आहोत!"

"अहो, संपलं नाहीये अजून," मी म्हटलं. "हो हो ताई, दोनच मिनिटं."

दोन मिनिटं! माझ्या एका हातात गज, दुसऱ्या हातानं चेलो धरलेला, आणि खांद्यावर शाल. नारळ कुठं ठेवावा कळेना म्हणून मी पायाशी ठेवला, तो घरंगळत व्हायोलिनवाल्यांत गेला. मग संचालकांना फेटा. मग वाजवणाऱ्या प्रत्येकाला गुलाब, नावं वाचून, आणि परदेशी नावं वाचायची म्हणजे निवेदकाची जीभ आणि आमची सहनशक्ती दोन्ही पणाला. माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात आठला सात कमी.

आणि वर कहर म्हणजे, "ताईंच्या गुरू, त्यांच्या आत्याही आज सभागृहात आहेत!" झालं. आत्या दोन बायकांच्या आधारानं स्टेजची एकेक पायरी चढली. शाल, नारळ, फोटो. मग तिला पुन्हा खाली कुठं पाठवायचं, म्हणून पाहुण्यांच्या सोफ्यावरच बसवलं, माझ्या डाव्या हाताला. आठ वाजून चार मिनिटं.

संथ भाग मी जेवढा वाजवायला हवा तेवढा संथ वाजवला असता, तर तो आत्याला शेवटपर्यंत मिळाला नसता. म्हणून मी लय वाढवली. संचालकांनी चमकून पाहिलं, पण बिचारे माझ्यामागे आले. व्हायोलिनवाले धापा टाकत आले. मी घड्याळावर नजर रोवून वाजवत राहिले. वाळवीनं खाल्लेली ती पानं मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरावं तशी उतरले. संपलं तेव्हा आठ दहा. आत्या बसलेली होती. तिसऱ्या भागालाही बसली. मला वाटलं, जिंकले!

संपल्यावर मी शाल तशीच अंगावर घेऊन गाडीपाशी धावले. आत्या मागच्या सीटवर बसली होती.

"ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं. पहिला भाग चांगला झाला. दुसरा तू उरकलास."

"अगं, तुझ्या गाडीची वेळ झाली होती!"

शेजारी पुढून म्हणाले, "कसली येळ, ताई? त्या शाली चालल्या हुत्या ना, तवाच मी कारखान्यावर फोन केल्ता, उशीर हुईल म्हून. आन् आत्याबाईस्नी खुनावलं बी, बसा म्हनून निवांत."

संध्याकाळभर मी पाहुण्यांवर, निवेदकावर, पंख्यावर, सगळ्या नगरवर चिडले होते. आता चिडायला दुसरं कुणी सापडेना.

"मग मला नाही का सांगायचं?" मी आत्यावरच ओरडले.

"सांगत होते की," आत्या म्हणाली. तिनं मांडीवरची शाल बाजूला केली आणि तळवा गुडघ्यावर दाबून दाखवला. "सगळा वेळ सांगत होते. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस."