वडिलांनी दिलेले दोन स्टार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिलाही मी सांगितलं नव्हतं. तिनं पकडलं.

पन्नाशी उलटल्यावर मी आरतीचं अ‍ॅप काढलं. ऑफिसातून आलो की व्हिडिओ बघून बघून शिकलो. आरतीची अ‍ॅप ढिगानं पडलेली, पण सगळी घाईची. काळाचौकीच्या आमच्या चाळीत एकेक ओळ दम संपेपर्यंत ओढतात. आमचं पहिलं कडवं होईतो ती अ‍ॅप प्रसादाला पोचलेली असतात. माझं अ‍ॅप चाळीच्या दमानं चालायचं. वाटलं, उशिरा आलो तरी ही जागा मोकळी आहे.

ती मोकळीच राहिली. दोन महिन्यांत अ‍ॅप घेतलं ते मी आणि आणखी एकानं. त्यानं लगेच काढूनही टाकलं.

इकडे नोकरी सोडून हेच करायचं, असं मी घरी बोलून बसलेलो. बायको म्हणाली होती, "लोकांना आवडलं तर सोडा. मी शिकवण्या वाढवीन." म्हणजे लोक आणणं आलं. जिवंत माणसांना विचारायची लाज वाटली, म्हणून मी चाळीतल्या गेलेल्यांकडे वळलो. त्यांच्या नावांनी खाती उघडली आणि अभिप्राय लिहू लागलो. तळमजल्यावरच्या आजी : पाच स्टार, "सुखी राहा बाळा." गिरणीतले काका : पाच स्टार, पण "आवाज वाढवा," कारण त्यांना कमी ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, मन रमलं माझं. रोज एकाला उठवायचो.

सगळ्यात शेवटी वडील. चाळीत आरती सांगायला तेच पुढं असायचे. मी गायला लागलो की म्हणायचे, "तू झांजा धर. तोंड नको उघडू." त्यांच्या नावानं पाच दाबायला गेलो, तर बोट उचलेना. दोन दिले. खाली लिहिलं, "चाल बरी. आवाज कुणाचा आहे? बदला."

आवाज माझा होता.

राजीनामा लिहून तयार, सोमवारी द्यायचा. रविवारी बायको मेथी निवडता निवडता मोबाइलवर अभिप्राय बघत होती.

"अहो, हे काका गेले ना?"

"एका नावाची दोन माणसं असतात."

"आणि आजी? त्यांना फोन कुठून कानाला लावायचा तेसुद्धा कळायचं नाही." मग तिचं बोट थांबलं. "बाबांनी दोन दिले?"

"हो."

"जास्तच दिले."

मला हसू फुटलं. ती हसत नव्हती.

"यात जिवंत एकही नाही?"

"नाही."

"आणि यांच्या भरवशावर मी हो म्हटलं."

तिनं राजीनामा मागून घेतला आणि त्यात मेथीच्या काड्या बांधल्या. मग स्वतःच्या फोनवर माझं अ‍ॅप घेतलं, आरती लावली आणि आरतीला राहतात तशी हात जोडून शेवटपर्यंत उभी राहिली. बराच वेळ लागला. अ‍ॅप चाळीच्या दमाचं होतं. मग एक स्टार दाबून लिहिलं, "आवाज बदलू नका. माणूस खोटा आहे."

मेलेल्यांना मी त्याच दुपारी काढून टाकलं. वडिलांना काढताना बोट उचलेना. आता तिथं दोनच अभिप्राय आहेत, सरासरी दीड.

सोमवारी मी ऑफिसला गेलो.