कच्चा ढीग

माह्या मायनं, गोदाबाईनं, उभा जन्म अमरावतीच्या मंडीत संत्रे निवडले. हातात घेतला, अंगठ्यानं जरासा दाबला, की पक्का इकडं अन् कच्चा तिकडं. इंग्रजीचं एक अक्षर तिले वाचता येत नाही. अन् जीआरईचं, म्हंजे परदेशात शिकाले जायच्या परीक्षेचं, इंग्रजी मले तिनंच पक्कं करून दिलं. हसू नका, खरं सांगून राहिली!

पहिल्या खेपेले मी इंग्रजीत सपशेल आपटली. एकशे चव्वेचाळीस. मले जिथं मास्टर्स करायचं होतं, त्या परदेशातल्या कॉलेजले एकशे पंचावन पाहिजे होते. शब्दांच्या नऊशे चिठ्ठ्या करून घोकल्या होत्या, तरी ही गत. रडत बसली. बाबा गेल्यापासून घरात आमी दोघीच, रडणार तरी कोणापाशी?

माय म्हणे, "आण त्या चिठ्ठ्या. मी दाखवतो, तू सांग."

"तुले काय समजते त्यातलं?"

"इंग्रजी नाही समजत. पण तू तं समजते न मले."

रोज मंडीतून आली की चिठ्ठ्या घेऊन बसे. कधीकधी उलटीच धरे. मी अर्थ सांगितला की चिठ्ठी ढिगात, पक्क्या नाहीतं कच्च्या. "हे कच्चं."

"काहून? बरोबर होतं न!"

"असन बरोबर. पण तुहा आवाज दबला."

असा राग यायचा! पण खरंच, तो शब्द निस्ता पाठ केलेला असायचा. उताऱ्याचंही तसंच. "तो लिहिणारा माणूस काय म्हणून राहिला, आपल्या बोलीत एका वाक्यात सांग." मी दहा वाक्यं सांगे. "तुलेच नाही समजलं व. पुन्हा वाच." चार महिने हेच. कच्चा ढीग हळूहळू संपला.

दुसऱ्या खेपेले एकशे सत्तावन आले. मायनं अख्ख्या मंडीत पेढे वाटले. "पोरीनं केलं," म्हणे, "मी तं चिठ्ठ्या धरल्या."

निघायच्या दिवशी बडनेरा स्टेशनावर मी विचारलं, "माय, एकटी राहशीन न नीट?"

"राहतो न! मले काय धाड भरली?"

उत्तर बरोबर होतं. पण आवाज दबला. मले आता ऐकू येत होतं ते. मी तिचा खरबरीत अंगठा धरला. "माय, हे कच्च्यात."

तिचे डोळे भरले, तरी हसली. "असू दे कच्चं. चार महिने दे मले, होईन पक्कं. बस गाडीत."