देव नसलेला देव्हारा

अठरा लाखांचा विमा दावा, बिबवेवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा जळालेला फ्लॅट आणि पंचनाम्याला हजर मी, दोन पंच, विमा कंपनीचे सर्व्हेअर आणि घरमालक पतिपत्नी. पोलिसातल्या नोकरीतली ही एक केस माझ्या मनातून जात नाही.

आग रात्री आठच्या सुमारास लागली, तेव्हा घरात कोणी नव्हतं. घरमालकाचा जबाब सरळ होता. सात वाजता वाघोलीला मेहुणीकडे जेवायला गेलो, घरातून काही नेलं नाही, सगळं जळालं. शॉर्टसर्किट असणार. आम्ही अकस्मात जळिताची नोंद केली.

आठवड्याने वरच्या मजल्यावरचं जोडपं ठाण्यात आलं. गृहस्थ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराचा स्लॅब तडकला होता, वायरिंग आणि बरंच सामान जळालं होतं.

"साहेब, पुतण्याच्या हॉलमध्ये झोपतोय आम्ही," ते म्हणाले. "सोसायटीचा विमा आहे, पण कंपनी म्हणते, आगीचं कारण ठरल्याशिवाय पैसे नाहीत. आणखी किती दिवस राहायचं दुसऱ्याकडे?"

बाई म्हणाल्या, "यांना कमी ऐकू येतं, मला येतं. खालची रोज सकाळी पूजेची घंटा वाजवते. त्या दिवशी सकाळी वाजली नाही."

तेवढ्यावर मी पुन्हा त्या फ्लॅटमध्ये गेलो. संगमरवरी देव्हारा काळा पडला होता. पितळी समई, निरांजन, ताम्हण जागेवर होतं. देव एकही नव्हता.

घरमालक पतिपत्नीला ठाण्यात बोलावलं.

"देव कुठे गेले?"

"वितळले असतील, साहेब."

"समई शाबूत, ताम्हण शाबूत. फारच हळवे देव होते हो तुमचे."

महिला हवालदारांनी पत्नीला पाणी दिलं आणि देव कोणते होते, एवढंच विचारलं.

"बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. आईनं लग्नात दिलेली. ती कशी ठेवणार होते मी आगीत?"

"अगं, गप्प बस!" नवरा ओरडला. तिने पदर तोंडाला लावला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

पोलिसांपुढच्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. त्याच दुपारी पंच घेऊन वाघोली गाठली. मेहुणीच्या कपाटात देव होते, ताज्या फुलांसकट. पलंगाखाली दाव्यात जळालेला म्हणून लिहिलेला टीव्ही खोक्यात होता, नंबरही तोच. टीव्ही जप्त केला. देवांचे फोटो काढले आणि ते तिथेच राहू दिले. नवऱ्याचं दुकान तोट्यात गेलं म्हणून त्याने घर पेटवलं, असं पुढे तपासात निघालं.

तेव्हापासून घटनास्थळी काय आहे याच्याइतकंच काय असायला हवं होतं, हे मी बघत आलो. माणूस सगळं जाळायला तयार होतो, पण एखादी वस्तू त्याच्याच्याने जाळवत नाही. आणि घर असलेल्यांना सांगतो: सोसायटीचा विमा भिंती आणि स्लॅबचा असतो, तुमच्या कपाटाचा, गाद्यांचा नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. वरच्या जोडप्याने घेतलेला नव्हता.

आरोपपत्र कोर्टात गेल्यावर सोसायटीच्या विमा कंपनीने सोसायटीला सहा लाख चाळीस हजार दिले. त्यातून वरच्या घराचा स्लॅब आणि वायरिंग झालं, आणि जोडपं आपल्या घरी परतलं. त्यांच्या जळालेल्या सामानापोटी त्यांना एक रुपयाही मिळाला नाही. अठरा लाखांचा दावा फेटाळला गेला.