माझ्यासाठी बाहेर आलेली मिस्सा

गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं आणि माझं चर्चला जाणं बंद झालं. वॉकर धरून घरात फिरता यायचं, पण आमच्या चर्चच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. माणसं मला खुर्चीसकट उचलून न्यायला तयार होती. मीच नको म्हटलं. रविवारच्या मिस्सेच्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, ख्रिस्तप्रसाद, आमचे फादर घरी आणून देणार होते. त्यालाही मी नकार दिला. आयुष्यभर शाळेत ताठ उभं राहून शिकवलं, आता ओझं होऊन देवापुढे कशी जाऊ? मनात मात्र प्रभूशी भांडण चालू होतं. तुझ्या घरात मला येता येत नसेल, तर बोलावतोस तरी कशाला?

एक दिवस फादर म्हणाले, "बाई, आपल्या भागातल्या चर्चमध्ये थकलेली, आजारी माणसं आत जाऊ शकतात का, ते तुम्हीच पाहून सांगा. दुरुस्त्या करायच्या आहेत." हे काम मला मानवलं. सावेडीच्या माझ्या नणंदेला सोबत घेऊन मी गाडीने निघाले. श्रीगोंद्याकडच्या एका चर्चचा उतार इतका उभा, की त्यावरून शेळीही घसरावी. दुसरीकडे उतार छान होता, पण त्यावर मोटारसायकली लावलेल्या. मी सगळं कडक शब्दांत लिहून घेत होते.

पुणतांब्याच्या अलीकडे एका वस्तीवर पोचलो तेव्हा रविवारची मिस्सा सुरू झाली होती. चर्च लहानसं, पत्र्याचं. पुढे तीन पायऱ्या, गुडघ्याएवढ्या उंच. मी गाडीतच बसून लिहिलं, 'आत जाता येत नाही.' तेवढ्यात दाराजवळ बसलेली एक बाई बाहेर आली. तिचं नाव मार्थाबाई.

"बाई, आत या की."

"चढता येत नाही मला. मी फक्त पाहायला आलेय."

"उचलून न्यू का?"

"नको," मी जरा तोडूनच म्हटलं.

ती आत गेली. तिथल्या फादरांचं प्रवचन संपल्यावर तिने पुढे जाऊन त्यांना काहीतरी सांगितलेलं मला दारातून दिसलं. मग बाकं सरकल्याचा आवाज आला. दोघांनी टेबल बाहेर आणलं, त्यावर पांढरं कापड घातलं, मेणबत्त्या ठेवल्या. पाठोपाठ सगळी माणसं गात गात बाहेर आली आणि माझ्या गाडीभोवती बसली. फादर हसून म्हणाले, "मार्थाबाई म्हणतात, आज बाहेर वारा बरा आहे."

कित्येक महिन्यांनी मी ख्रिस्तप्रसाद घेतला.

मिस्सा संपल्यावर मार्थाबाई पुन्हा आली. "चर्च बगायला आलात न्हवं? मग आतून बगायचं ऱ्हायलंच की."

या वेळी मी मान हलवली. चौघींनी मला खुर्चीत बसवून उचललं. त्यांतली एक शेजारच्या मळ्यातली हौसाबाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. गाणं ऐकून आली होती. आत मार्थाबाई मला भिंतीवरून हात फिरवून दाखवत होती, "ही आमी लिंपली. वेदीचा वटा बी आमीच बांधला. लई झिजलो, पन उभं केलं." तिच्या आवाजातला अभिमान माझ्या छातीत शिरला. ही माझी माणसं. देवाचं घर पायऱ्यांपाशी अडलं, तर ते उचलून बाहेर आणणारी.

अहवालात मी पायऱ्यांची उंची जशीच्या तशी लिहिली आणि खाली मिस्सेची सगळी हकिगत लिहिली. आता आमच्या चर्चमध्येही दर रविवारी मला उचलून नेतात. खुर्ची जराशी कलली की अजून भीती वाटते, "सावकाश रे," असं निघून जातं तोंडून. मग प्रभूचं नाव घेते आणि घट्ट धरलेले हात सैल सोडते.