कर्णिककाकांचे हात

कर्णिककाकांच्या संग्रहातली सर्वांत जुनी वाटी माझ्यामुळे तडकली, आणि ही गोष्ट मी चार वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवली. तिचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला आणि मी तो घेऊ दिला. आज काका नाहीत. मी पंचावन्न वर्षांचा आहे. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, काकांच्या घरातल्या तळमजल्यावरच्या खोलीत राहत असे. देशातून नुकताच आलेला, नोकरीत नवखा आणि प्रत्येक गोष्टीला भिणारा. काका रसायनतज्ज्ञ होते. अमेरिकेत येण्यापूर्वी दोन वर्षं ते डेन्मार्कमध्ये शिकले होते. तिथल्या एका वृद्ध कुंभारणीकडून त्यांनी ती वाटी घेतली होती. तळहातावर मावेल एवढी, तपकिरी, सशाच्या पाठीवर असतात तशा बारीक रेघांची झिलई असलेली. पुढे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडच्या कुंभारांनी पन्नासच्या दशकात घडवलेली भांडी ते गराज सेलमधून शोधून आणू लागले. अमेरिकन कुटुंबं ती घरासमोर, जुन्या टोस्टरांच्या शेजारी, विकायला मांडून ठेवत.

भांड्याला हात लावण्यापूर्वी काका घड्याळ आणि अंगठी काढून ठेवत, हात धुऊन कोरडे करत. मग भांडं उपडं करून तळाशी कोरलेली सही अंगठ्यानं चाचपत आणि शेवटी काठावर नखानं टिचकी मारून कान लावत. मला म्हणत, "रंगाला भुलू नकोस, श्रीकांत. रंग वरून देता येतो. आवाज भट्टीतच ठरतो." काकूंना या सोहळ्याचा वैताग होता. "सगळी सोवळ्यात बसलीयेत," असं त्या मला ऐकवत, म्हणजे काकांनाच. "एका वाटीत तरी कोशिंबीर घालू द्या म्हणावं." काका हसत, पण वाटी देत नसत.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांची मुलगी अंजू बोस्टनला बाळंत झाली. दोघं तिकडे गेले आणि दीड दिवसाचा गणपती माझ्यावर सोपवून गेले. मी चार मित्रांना बोलावलं. आरती सुरू झाली आणि लक्षात आलं की कापूर लावायचं पात्र काकूंनी कुठे ठेवलंय ते मला ठाऊक नाही. टाळ्या चालू होत्या. समोर फळीवर ती वाटी होती. जी भट्टीतून निघाली तिला कापराच्या वडीचं काय, असा हिशेब माझ्या इंजिनिअरच्या डोक्यानं क्षणात केला. दुसऱ्या कडव्याला टिक् असा आवाज आला. टाळ्यांत तो कोणी ऐकला नाही, मी ऐकला. काठापासून तळापर्यंत केसासारखी रेघ गेली होती. मित्र गेल्यावर मी काजळी धुतली आणि रेघ भिंतीकडे करून वाटी जागेवर ठेवली.

काका परतल्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. वर पावलं वाजली की मी खोलीचं दार लावून घेई. हे मला घराबाहेर काढतील, आणि या देशात माझं दुसरं कोणी नाही, एवढाच विचार. तिसऱ्या रविवारी काकांनी भांडी पुसायला काढली. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा मारली. मग वाटी उजेडात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकूंना म्हणाले, "जाण्यापूर्वी घाईत मीच कुठेतरी आपटली असणार. तू म्हणतच होतीस, हात थरथरतात म्हणून."

वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं आणि मला हायसं वाटलं. आजही लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याची.

त्यांची थरथर दोन कप चहानंतर कोणाच्याही हाताला असते तेवढीच होती. डॉक्टरांनी तपासून काही नाही असं सांगितलं, पण काकांना ते पटलं नाही. डॉक्टरला वाटी माहीत नाही, असं ते म्हणाले. हळूहळू गराज सेलच्या फेऱ्या थांबल्या. भांडी पुसायचं काम माझ्याकडे आलं. "तू उचल," ते लांबून सांगत, "तुझा हात खात्रीचा आहे." अंजू मुलीला घेऊन आली तेव्हा त्यांनी नातीला एकदाही उचललं नाही. शेजारी बसून, हात पाठीमागे बांधून, तिच्याशी बोलत राहिले. तेव्हाही मी गप्प होतो. वर्षभरात जर्सी सिटीला भाड्याची जागा घेऊन निघून गेलो आणि दर दिवाळीला न चुकता भेटायला जाऊ लागलो. माझ्या आपुलकीचं काकूंना कौतुक होतं.

चौथ्या वर्षी गेलो तेव्हा अंजू दुसऱ्या बाळासह आलेली होती. मुलगा, दोन महिन्यांचा. तिनं तो काकांपुढे धरला. "बाबा, जस्ट होल्ड हिम ना. मी शेजारीच बसतेय." काका मागे सरकले. म्हणाले, "नको गं. माझ्या हातांचा मला भरवसा नाही. वाटीचं एक ठीक होतं." अंजूचे डोळे भरले. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या.

चार वर्षांपूर्वी घराबाहेर काढतील म्हणून भ्यायलो होतो. आता भीती होती ती हा माणूस माझ्याकडे कसा पाहील याची. मी त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो.

"काका," मी म्हणालो, "वाटी तुमच्या हातून आपटली नाही. तुम्ही बोस्टनला होतात तेव्हा मी तिच्यात आरतीचा कापूर लावला. ती तडकलेली मी पाहिली आणि रेघ भिंतीकडे करून ठेवली. तुम्ही स्वतःला दोष दिलात तेव्हा मी दारात उभा होतो. तुमचे हात चांगले आहेत, काका. माझं चुकलं. मला क्षमा करा, आणि बाळाला घ्या."